संशय कार्डावर सगळ्यात शेवटी

राजारामपुरीत माझं लॅपटॉप दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. बाहेरून जोडायचं ग्राफिक्स कार्ड बंद पडलं म्हणून येणाऱ्या गिऱ्हाइकांची एक खोड आता पाठ झाली आहे. ते कार्ड तेवढं घेऊन येतात. मूळ खोक्यात, वर बबलची पिशवी, त्यावर टॉवेल. केबल घरी, डबा घरी, आणि लॅपटॉपही घरी, कारण "त्याला काय झालेलं नाही ओ ताई, कार्डच गेलंय." कार्ड गेलं हे कशावरून ठरवलं, असं विचारलं की उत्तर एकच: "स्क्रीनवर काय येतच नाही."

माझा अनुभव नेमका उलटा आहे. या सगळ्या जोडणीत कार्ड ही सर्वांत महागाची वस्तू, आणि बिघडण्यात मात्र तिचा नंबर बहुधा शेवटचा. केबल चुकीची असते, सॉकेटला अर्थिंग नसतं, बायोसमध्ये एखादी परवानगी बंद असते, प्रोग्रॅम भलत्याच चिपवर चाललेला असतो. म्हणून माझ्या टेबलावर नियम आहे: जी वस्तू जितकी महाग, तिच्यावर संशय तितका उशिरा. सुरुवात शंभर-दोनशेच्या वस्तूंपासून आणि फुकटात होणाऱ्या तपासणीपासून करायची.

हा नियम घरबसल्या कुणालाही पाळता येतो. त्यासाठी आधी ही जोडणी कशी चालते ते समजून घ्यावं लागेल.

भिंतीपासून पडद्यापर्यंत

लॅपटॉपमध्ये चित्र उमटवणारी चिप बहुतेक वेळा मदरबोर्डलाच सोल्डर केलेली असते. डेस्कटॉपमध्ये जुनं कार्ड उपसून नवं बसवता येतं, तशी सोय इथे नसते. लग्नाचे फोर-के व्हिडिओ एडिट करणारी मुलं, थ्रीडी रेंडर काढणारे आर्किटेक्चरचे विद्यार्थी आणि हल्ली घरच्या मशीनवर एआय मॉडेल चालवून बघणारे, या सगळ्यांना त्या चिपची ताकद अपुरी पडते. मग डेस्कटॉपचं कार्ड एका वेगळ्या डब्यात बसवायचं, डब्याला स्वतःचा पॉवर सप्लाय द्यायचा आणि एका केबलने तो लॅपटॉपला जोडायचा. इंग्रजीत त्या डब्याला एन्क्लोजर म्हणतात. दुकानात सगळे डबाच म्हणतात.

कल्पना जुनी आहे. एएमडीने २००८ साली एक्सजीपी नावाची अशी जोडणी आणली होती, पण ती रुजली नाही. २०११ मध्ये इंटेल आणि ॲपल यांचं थंडरबोल्ट आलं. मात्र हे प्रकरण सामान्य माणसाच्या टेबलावर पोचलं ते २०१५ च्या थंडरबोल्ट ३ मुळे. सेकंदाला ४० गिगाबिटचा वेग, आणि टोक साध्या यूएसबी-सीचं. थंडरबोल्ट ४ ने वेग तोच ठेवला, फक्त किमान अटी कडक केल्या. २०२३ मध्ये जाहीर झालेलं थंडरबोल्ट ५ हा वेग ८० वर नेतं. याशिवाय यूएसबी४ आहे आणि ऑक्युलिंक नावाची, मधली भाषांतराची चिप टाळून थेट जाणारी केबलही आहे.

आता साखळी मोजा. भिंतीतला सॉकेट, डब्याचा पॉवर सप्लाय, डब्यातला बोर्ड, त्यात बसलेलं कार्ड, केबल, लॅपटॉपचा पोर्ट, बायोसची परवानगी, विंडोजचा ड्रायव्हर, तुमचा प्रोग्रॅम आणि शेवटी पडदा. यातली कुठलीही कडी सुटली तरी लक्षण एकच, "स्क्रीनवर काय येत नाही." म्हणून लक्षणावरून निदान करायचं नाही, कडी शोधायची. त्यासाठी विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजर उघडायचा आणि "डिस्प्ले अडॅप्टर्स" या ओळीखाली काय लिहिलंय ते वाचायचं. कार्डाचं नाव आहे का? त्यावर पिवळा त्रिकोण आहे का? नाव स्वच्छ असूनही काम होत नाही का? की चालता चालता पडतं? या चार तक्रारींची चार वेगळी कारणं असतात.

नावच दिसत नाही

यादीत नाव नसेल तर कार्ड जोडलेलं आहे हे विंडोजला कळलेलंच नाही. अशा वेळी ड्रायव्हर काढून पुन्हा टाकत बसण्यात अर्थ नसतो, आणि लोक नेमकं तेच रात्रभर करतात.

पहिल्यांदा वीज. इथे दोन फसव्या गोष्टी आहेत. अनेक थंडरबोल्ट डबे लॅपटॉप जोडल्याशिवाय जागेच होत नाहीत. नुसता स्विच लावून पंखा फिरत नाही म्हणून डबा मेला असं समजायचं कारण नाही. आणि आजच्या बऱ्याच कार्डांचे पंखे कार्ड तापेपर्यंत मुद्दाम बंद ठेवलेले असतात. डेस्कटॉपवर बसून नुसता वॉलपेपर बघत असाल तर पंखे फिरणारच नाहीत.

मग डबा उघडून कार्डाच्या डोक्यावरचा पॉवर कनेक्टर बघायचा. ज्या खाचेत कार्ड बसतं ती खाच कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॉट देते. आठ पिनांचा कनेक्टर आणखी १५० वॉट देतो. आरटीएक्स ३०६० सारखं मधल्या वर्गातलं कार्ड १७० वॉट मागतं, म्हणजे खाचेच्या भरवशावर ते उठणारच नाही. कनेक्टर "क्लिक" आवाज होईपर्यंत आत गेलेला नसेल तर तो बसलाय असं मी मानत नाही. कार्डही खाचेत एका बाजूने किंचित वर आलेलं असतं. डबा गाडीच्या डिकीतून आणला की हे हमखास होतं.

त्यानंतर केबल. यूएसबी-सीचं टोक सगळीकडे सारखं दिसतं आणि घोटाळा तिथेच होतो. मोबाइलबरोबर येणारी चार्जिंगची केबल बहुधा यूएसबी २ च्या तारांची असते, म्हणजे ४८० मेगाबिट. तिच्यातून ग्राफिक्स कार्ड धावणं शक्य नाही. थंडरबोल्टच्या केबलच्या टोकावर विजेची खूण असते आणि बहुधा शेजारी ३ किंवा ४ चा आकडा. लांबीही बघायची. थंडरबोल्ट ३ च्या साध्या केबलला पूर्ण ४० गिगाबिट ०.८ मीटरपर्यंतच झेपतात; त्याहून लांब साधी केबल २० वर येते. दोन मीटर हवीच असेल तर आत चिप असलेली ॲक्टिव्ह केबल घ्यावी लागते, आणि ती महाग असते. डबा टेबलाखाली आणि लॅपटॉप वर, अशी मांडणी करून लोक लांब केबल विकत घेतात. मी सांगते, डबा वर घ्या.

मग पोर्ट. लॅपटॉपला दोन यूएसबी-सी पोर्ट असले तरी थंडरबोल्ट कधी कधी एकातच असतं. शेजारी विजेची खूण शोधा, नाही तर मॉडेल नंबर टाकून कंपनीच्या माहितीपत्रकात बघा. यूएसबी४ लिहिलं आहे म्हणजे कार्ड चालेलच असंही नाही. यूएसबी४ च्या नियमांत कार्डाला लागणारी पीसीआय एक्स्प्रेसची वाहतूक ऐच्छिक आहे, थंडरबोल्ट ४ मध्ये ती सक्तीची आहे. केबल विकत घ्यायच्या आधी हे तपासलं तर बरेच पैसे वाचतात.

आणि परवानगी. थंडरबोल्टमधून जोडलेली वस्तू लॅपटॉपच्या मेमरीपर्यंत थेट पोचू शकते. ही वाट किती धोक्याची आहे हे २०२० मध्ये आइंडहोवनच्या तंत्रविद्यापीठातल्या ब्योर्न राउटेनबर्ग यांनी थंडरस्पाय या नावाने दाखवून दिलं. म्हणून बायोसमध्ये थंडरबोल्टच्या सुरक्षेच्या पायऱ्या असतात. त्यातली एक पायरी फक्त मॉनिटरला वाट देते, बाकी सगळ्यांना अडवते. ऑफिसकडून मिळालेल्या लॅपटॉपवर ही पायरी लावलेली असू शकते. मधल्या पायरीवर असाल तर थंडरबोल्ट कंट्रोल सेंटर या प्रोग्रॅममध्ये जाऊन डब्याला "नेहमी जोडू द्या" अशी मंजुरी द्यावी लागते. पहिल्यांदा जोडताना आलेली ती खिडकी घाईत बंद केली की डबा दारातच उभा राहतो.

मॅकवाल्यांसाठी इथेच दोन ओळी. ॲपलने बाहेरच्या कार्डाला अधिकृत आधार २०१८ मध्ये हाय सिएरा १०.१३.४ पासून दिला, तोही एएमडीच्या कार्डांना आणि इंटेलच्या मॅकवर. नोव्हेंबर २०२० पासून आलेल्या एम-मालिकेच्या मॅकवर ॲपलचा तो आधार नाही. एम१ मॅकबुक आणि डबा घेऊन कुणी आलं तर मी तपासणीचे पैसे घेत नाही. पोर्ट थंडरबोल्टचाच असला तरी तिथे बदलण्यासारखी सेटिंगच नाही.

पिवळा त्रिकोण

नाव दिसतं आणि त्यावर पिवळा त्रिकोण आहे, ही खरं तर चांगली बातमी. वीज, केबल, पोर्ट आणि परवानगी या चारही कड्या शाबूत आहेत. आता नावावर दोनदा क्लिक करायचं आणि खालच्या चौकटीतला कोड वाचायचा. लोक त्रिकोणाचा फोटो पाठवतात, कोडचा पाठवत नाहीत. माझं सगळं लक्ष त्या आकड्याकडे असतं.

कोड १२ म्हणजे कार्डाला पत्ता मिळाला नाही. प्रत्येक उपकरणाला मेमरीच्या नकाशात आपली जागा लागते, आणि ग्राफिक्स कार्ड भलं मोठं अंगण मागतं. जुन्या पद्धतीच्या बायोसमध्ये ही सगळी वाटणी पहिल्या चार जीबीच्या आतच उरकायची असते. वायफाय, एसएसडी, लॅपटॉपचं स्वतःचं कार्ड यांनी जागा आधीच धरलेली असते, बाहेरून आलेल्याला उरत नाही. उपाय क्रमाने करायचे. बायोस अपडेट करा. त्यात "अबव्ह फोर जी डीकोडिंग" असा पर्याय असेल तर चालू करा. लॅपटॉपमध्ये दुसरं वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये ते डिसेबल करून मशीन रीस्टार्ट करा. त्या एका उपायाने सुटलेली मशिनं मी पाहिली आहेत, आणि गिऱ्हाइकाने तोवर कार्ड विकायला काढलेलं असतं.

कोड ४३ म्हणजे उपकरणानेच "मला अडचण आहे" असं कळवलं आणि विंडोजने ते थांबवलं. यामागे बहुधा ड्रायव्हरची भांडणं असतात. लॅपटॉपच्या आतल्या एनव्हिडियाच्या चिपसाठी लॅपटॉप कंपनीने दिलेला जुना ड्रायव्हर आणि बाहेरच्या कार्डासाठी टाकलेला नवा, दोन्ही एकमेकांच्या फायलींवर बसतात. आत एएमडी आणि बाहेरही एएमडी असेल तरी हेच. अशा वेळी वरवर काढून भागत नाही. डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर नावाचा फुकट प्रोग्रॅम मिळतो. सेफ मोडमध्ये जायचं, इंटरनेट बंद करायचं, तो चालवून जुनं सगळं साफ करायचं, मग कार्ड बनवणाऱ्या कंपनीचा ड्रायव्हर टाकायचा. इंटरनेट आधी बंद करायला विसरू नका, नाही तर तुम्ही साफ करता करता विंडोज आपल्या मनाने मागून ड्रायव्हर आणून बसवतं.

कोड २२ म्हणजे कुणीतरी ते डिसेबल केलंय. कोड २८ म्हणजे ड्रायव्हरच नाही. कोड ४५ म्हणजे हे नुसतं जुनं नाव आहे, वस्तू आत्ता जोडलेली नाही. अशा वेळी आधीच्या तपासणीकडे परत जायचं.

चालतंय, पण फरक काय पडला?

ही तक्रार सगळ्यांत चिवट, कारण इथे काहीच बिघडलेलं नसतं. कार्डाचं नाव आहे, त्रिकोण नाही, आणि तरी "पैसे पाण्यात गेले."

आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाची एक मुलगी अशीच आली होती, सुदैवाने सगळं सामान घेऊन. मी तिला रेंडर लावायला सांगितलं आणि टास्क मॅनेजर उघडला. "जीपीयू ०" म्हणजे लॅपटॉपची आतली चिप ९८ टक्क्यांवर घामाघूम, "जीपीयू १" म्हणजे बाहेरचं कार्ड शून्यावर निवांत. तिच्या प्रोग्रॅमला कार्ड आलंय हे कुणी सांगितलंच नव्हतं. विंडोजमध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, ग्राफिक्स असं जाऊन त्या प्रोग्रॅमसाठी "हाय परफॉर्मन्स" निवडलं आणि बाहेरचं कार्ड नाव घेऊन दिलं. तिचं काम झालं.

काही प्रोग्रॅम विंडोजचंही ऐकत नाहीत, त्यांची स्वतःची निवड असते. व्हिडिओवाल्यांच्या डा-विंची रिझॉल्वमध्ये प्रेफरन्सेसच्या "मेमरी अँड जीपीयू" पानावर कार्ड हाताने टिक करता येतं. ब्लेंडरमध्येही सिस्टिमच्या पानावर हेच करावं लागतं. आणि एक बारकावा: टास्क मॅनेजर आधी "थ्रीडी" हा आलेख दाखवतो. एआयचं किंवा रेंडरचं काम त्या आलेखात दिसेलच असं नाही. आलेखाच्या नावावर क्लिक करून "क्यूडा" किंवा "कॉम्प्युट" निवडलं की झोपलेलं वाटणारं कार्ड राबताना दिसतं.

दुसरं कारण पडद्याचं. कार्डाने तयार केलेलं चित्र लॅपटॉपच्याच पडद्यावर बघायचं असेल तर ते त्याच केबलने परत यावं लागतं. जाणारा माल आणि येणारा माल एकाच रस्त्यावर. त्यामुळे मॉनिटर थेट डब्यातल्या कार्डाला जोडा. खेळांमध्ये फरक लगेच कळतो.

तिसरं कारण कुणी बदलू शकत नाही, ते समजून घ्यायचं असतं. डेस्कटॉपमध्ये कार्डाला पीसीआय एक्स्प्रेसच्या सोळा लेन मिळतात. चौथ्या पिढीत म्हणजे सेकंदाला सुमारे ३२ जीबी. थंडरबोल्ट ३ मधून तिसऱ्या पिढीच्या चार लेन जातात. कागदावर ते होतात सुमारे ४ जीबी, आणि प्रत्यक्षात कार्डाच्या वाट्याला तीनच्याही आत येतात. तेव्हा तेच कार्ड मित्राच्या डेस्कटॉपवर जेवढं पळतं तेवढं तुमच्याकडे पळणार नाही. हा दोष नव्हे, हा या जोडणीचा स्वभाव आहे.

पण तोटा सगळीकडे सारखा नसतो. खेळात प्रत्येक फ्रेमसाठी लॅपटॉप आणि कार्ड यांची देवाणघेवाण चालते, तिथे मार सर्वांत जास्त बसतो. त्यातही गंमत म्हणजे कमी रेझोल्यूशनवर जास्त फ्रेम काढायला गेलात तर नुकसान वाढतं, आणि फोर-केवर कमी होतं, कारण तिथे कार्ड स्वतःच्याच कामात अडकलेलं असतं. रेंडरमध्ये सगळा सीन एकदा कार्डाच्या मेमरीत चढला की केबलला फारसं काम उरत नाही. एआय मॉडेलचंही तसंच: चढवायला वेळ लागतो, पण मॉडेल पूर्णपणे कार्डाच्या मेमरीत मावलं तर पुढे वेग जवळजवळ डेस्कटॉपसारखाच मिळतो. मावलं नाही तर मात्र केबलची अरुंद वाट पावलोपावली जाणवते. म्हणून एआयवाल्या मुलांना मी नवं कार्ड घेण्यापेक्षा जास्त मेमरीचं कार्ड घ्या असं सांगते.

मध्येच पडतं

शिवाजी पेठेतला एक एडिटर. जुनं घर, माडीवरच्या खोलीत सेटअप. तक्रार अशी की एक्स्पोर्ट चालू असताना कार्ड अचानक नाहीसं होतं, मॉनिटर काळा. ड्रायव्हर बदलून झाले, विंडोज नव्याने टाकून झालं. सगळा संसार त्याने दुकानात आणला, आणि माझ्या टेबलावर दिवसभर काही झालं नाही. दुकानात चालतं आणि घरी पडतं म्हटल्यावर बिघाड त्याच्या सामानात नव्हता, घरात होता. मी घरी गेले.

निदान त्याच्या आईने केलं. चहा देता देता त्या म्हणाल्या, "मी खाली मिक्सर लावला की ह्यो वरनं वरडतोय." मी डब्याच्या पत्र्याला बोटांची मागची बाजू लावली. झिणझिण्या आल्या. सॉकेटमध्ये मीटर लावला. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० च्या आसपास, ठीक. फेज आणि अर्थमध्ये आकडा एका जागी ठरेना. सॉकेट तीन भोकांचा होता, पण तिसऱ्या भोकामागे तारच नव्हती.

डब्याच्या पॉवर सप्लायमध्ये गोंगाट गाळणारे छोटे कपॅसिटर असतात. ते विजेतली खरखर अर्थिंगच्या वाटेने जमिनीत सोडतात. अर्थिंग नसेल तर ती वाट बंद, आणि डब्याचा पत्रा अधांतरी राहतो. मीटर लावला तर तिथे शंभराच्या आसपास व्होल्टही दिसतात. करंट अगदी किरकोळ, म्हणून झटका न बसता झिणझिण्या येतात. त्यात मिक्सरची मोटर ब्रशची, ठिणग्या उडवणारी. ती खरखर तारांतून वर येऊन एवढ्या वेगाच्या केबलवर पडली की एखादा क्षण जोडणी तुटायला पुरतो, आणि एक क्षण तुटलेलं कार्ड विंडोजच्या लेखी गेलेलं असतं. वायरमन बोलावून अर्थिंग ओढलं. त्यानंतर खाली चटणी आणि वर एक्स्पोर्ट, दोन्ही एकाच वेळी होऊ लागलं. तुम्ही मात्र सॉकेट स्वतः उघडू नका. झिणझिण्या आल्या एवढं वायरमनला सांगितलंत तरी पुरे. आणि तीन पिनांचा प्लग दोन पिनांत बसवणारा जोड वापरत असाल तर तो आजच फेकून द्या.

मध्येच पडण्याची बाकीची कारणं मशीन स्वतः लिहून ठेवतं. इव्हेंट व्ह्यूअर उघडा आणि पडलं ती वेळ शोधा. तिथे ४१०१ क्रमांकाची नोंद असेल तर ड्रायव्हरने उत्तर देणं थांबवलं होतं; विंडोज साधारण दोन सेकंद वाट बघतं आणि ड्रायव्हर पुन्हा सुरू करतं. "व्हीआ-लॉगर" नावाने १७ क्रमांकाच्या नोंदी रांगेने दिसत असतील तर जोडणीवर चुका होताहेत आणि मशीन त्या दुरुस्त करत चाललंय: केबल बदला, कार्ड खाचेतून काढून पुन्हा नीट बसवा. ऑक्युलिंक किंवा लॅपटॉपमधल्या एसएसडीच्या एम.२ खाचेतून थेट जोडलं असेल तर बायोसमध्ये वेग चौथ्या पिढीवरून तिसऱ्यावर आणून बघा. वेग थोडा जातो, पडणं थांबू शकतं. या थेट जोडण्यांत आणखी एक पथ्य: डबा आधी चालू, लॅपटॉप नंतर, आणि मशीन चालू असताना केबल उपसायची नाही.

फक्त झोपेतून उठल्यावर किंवा बंद करून पुन्हा चालू केल्यावरच कार्ड गायब होत असेल तर पॉवर ऑप्शन्समधलं "फास्ट स्टार्टअप" बंद करा, आणि पीसीआय एक्स्प्रेसखालचं "लिंक स्टेट पॉवर मॅनेजमेंट" ऑफ करा. फक्त जोराच्या कामात पडत असेल तर वॉटचा हिशेब घाला. ४०० वॉटचा डबा, त्यात ३२० वॉटचं कार्ड, आणि त्याच केबलवरून लॅपटॉपचं चार्जिंग. क्षणभराची उडी बसायला जागाच राहत नाही. लॅपटॉपला त्याचा स्वतःचा चार्जर लावून बघा. आणि डबा टीव्हीच्या बंद कपाटात ठेवला असेल तर बाहेर काढा. अनेक एनव्हिडिया कार्डं ८३ अंशांच्या आसपास आपला वेग स्वतःच कमी करू लागतात.

यातलं काहीही करताना एका वेळी एकच बदल करा आणि तो कागदावर लिहा. केबल, ड्रायव्हर आणि बायोस एकदम बदलून मशीन चालू झालं तर कशाने झालं ते कळत नाही, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा पडलं की पहिल्यापासून सुरुवात.

कार्ड खरंच गेलं असेल तर

तेही होतं. पडद्यावर रंगीत चौकटी, बुद्धिबळाच्या पटासारखे ठिपके, बायोसच्या पानावरसुद्धा रेघा, ही कार्डाच्या मेमरीची लक्षणं. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाने खाणकामाची पद्धत बंद केली आणि रात्रंदिवस राबवलेली कार्डं जुन्या बाजारात आली. त्यांतली काही उत्तम आहेत. काहींचे थर्मल पॅड वाळून गेलेले असतात, आणि काहींचा आतला बायोसच बदललेला असतो. तो मूळचा नसेल तर ड्रायव्हर ते कार्ड नाकारू शकतो.

तरी निकाल द्यायच्या आधी माझ्याकडे दोन परीक्षा होतात. ड्रॉवरमध्ये मी एक जुनं जीटीएक्स १०५० टीआय ठेवलंय. ते ७५ वॉटचं आहे, खाचेतूनच चालतं, वेगळा पॉवर कनेक्टर मागत नाही. गिऱ्हाइकाच्या डब्यात ते चाललं आणि त्याचं मोठं कार्ड चाललं नाही, तर बोट डब्याच्या पॉवर सप्लायकडे किंवा कार्डाकडे जातं. माझंही चाललं नाही, तर अडचण डब्यात, केबलमध्ये किंवा लॅपटॉपमध्ये आहे आणि त्याचं कार्ड तूर्त निर्दोष. दुसरी परीक्षा म्हणजे संशयित कार्ड साध्या डेस्कटॉपमध्ये बसवून तासभर राबवणं. तिथे डबा नाही, थंडरबोल्ट नाही, परवानग्या नाहीत. तिथेही पडलं तर ते कार्ड गेलं, आणि मग मी तसं स्पष्ट सांगते.

नवीन घेऊ का, असं विचारणारेही असतात. लॅपटॉप रोज कॉलेजला किंवा शूटवर न्यावा लागतो आणि घरी बसून जड काम करायचं असतं, त्यांच्यासाठी ही जोडणी सोयीची आहे. ज्यांचा लॅपटॉप टेबलावरून हलतच नाही त्यांना मी डबा, केबल आणि पॉवर सप्लाय यांची बेरीज करून दाखवते आणि तेवढ्यात जुना डेस्कटॉप येतो का ते बघायला सांगते. बऱ्याचदा येतो, आणि त्यात कार्ड पूर्ण सोळा लेनवर पळतं.

दुरुस्तीला कुठेही जा, माझ्याकडेच या असं नाही. पण कुणी "कार्ड गेलंय, नवं घ्या" म्हणालं, तर पैसे काढायच्या आधी एक प्रश्न विचारा: दुसऱ्या मशीनमध्ये बसवून पाहिलंत का? उत्तर द्यायला तो अडखळला, तर कार्ड उचला आणि घरी जाऊन आधी केबल बघा.